दुसऱ्याच्या बोटांवर इलाज

बाबा, परवा एका म्हाताऱ्या कुत्रीच्या पोटाखाली हात घालण्याआधी मी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळले. मे महिना, हैदराबादचं ऊन, वरचा पंखा गरम हवा फेकत होता, आणि मी आपली हात चोळत उभी. कुत्रीची मालकीण एक शाळेतली शिक्षिका होती. ती तेलुगूत म्हणाली, "डॉक्टरम्मा, थंडी वाजते का?" मी म्हटलं, माझे वडील असं करायचे, सवय लागली आहे. मग कुत्रीला माझा हात हुंगू दिला, तिच्याशी चार शब्द बोलले आणि बोटांची आतली बाजू टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी थानं बघितली. मागून दुसऱ्या थानाखाली गाठ होती. बोटं तिथं पोचली आणि मला वांकिडीच्या दवाखान्यातला फिनेलचा वास आला. 

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ काही सांगितलं आहे: बदली झाली, चष्मा लागला, गुडघे बोलू लागले, राज्याचे दोन तुकडे होणार म्हणून इथं रोज मोर्चे निघतात. पण एक गोष्ट नेहमी बगल देऊन पुढे जाते. माय गेली त्यानंतरच्या आठवड्यात, चुलीपाशी, मी तुम्हाला एक वाक्य बोलले होते. तुम्ही त्यावर काही उत्तर दिलं नाहीत. नंतर पंधरा वर्षं जगलात, तेव्हाही त्याचा उल्लेख काढला नाहीत. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे, आणि नुसतं "चुकलं" म्हणून ते परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही सीमेवरच्या वांकिडीत ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. खरे डॉक्टर आसिफाबादहून मंगळवारी यायचे, बाकीचे सहा दिवस गावाचे डॉक्टर तुम्हीच. कडुनिंबाखाली जनावर उभं करायचा लाकडी खोडा होता, त्याच्या मागे औषधांची खोली आणि त्याच्याही मागे आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर. तुमच्या आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली. तुम्ही जिवंत ढोरांना औषध देत होता, आणि या गोष्टीचा तुम्हाला केवढा अभिमान होता. काही घरी म्हशीला हात लावू देत पण हात धुवायला पाणी वरून ओतत. मी चिडायची. तुम्ही हसून म्हणायचे, "म्हशीले समजते मी कोन हाय थे. मानसाले समजन हळूहळू." म्हशीला समजत होतं हे मात्र खरं. लाथाळ म्हणून गावभर बदनाम झालेली म्हैस तुमच्या हाताखाली डोळे मिटून उभी राहायची.

शाळा सुटली की मी दप्तर टाकून खोड्यापाशी यायची. मायला ते आवडत नसे, पोरीच्या कपड्याला शेणाचा वास येतो म्हणायची, पण तुम्ही मला हाकललं नाहीत. कास कशी बघायची ते तुम्ही मला मी पाचवीत असताना शिकवलं. आधी हात गरम कर. मग चारी सडं बघ, एकच बघून बोलू नको. डाव्याची उजव्याशी तुलना कर, पुढच्याची मागच्याशी. गरम आहे का थंड, दुखतं का नाही, गाठ हलते का जागेवर रुतून बसली आहे. गरम आणि दुखरी म्हणजे दगडी, दुधाच्या जनावराचा नेहमीचा आजार. मिठाच्या गरम पाण्याचा शेक, हळद-चुन्याचा लेप, सडात औषधाची नळी, आठ-पंधरा दिवसांत उतार. तुम्ही विचारायचे, मी उत्तर द्यायची आणि उत्तर बरोबर आलं की खिशातली लवंग मला द्यायचे. तुमच्या खिशात लवंग कायम असायची, तंबाखू सोडल्यापासून. त्या एका लवंगेसाठी मी किती म्हशींच्या कासा चाचपल्या असतील, माझं मलाच आठवत नाही.

मी आठवीत असताना पिवळी आली. आली म्हणजे कुठून आली नाही, ती दवाखान्याच्या आवारातच असायची, पिवळट रंगाची गावठी कुत्री, वर्षातून एकदा पिल्लं घालणारी. म्हातारी झाली तेव्हा तिच्या पोटाखाली गाठ लोंबू लागली. मंगळवारचे डॉक्टर कोस्त्याकडचे, म्हणजे आंध्रच्या किनारपट्टीचे होते, आमच्या मराठीला हसायचे, पण हात सोन्याचा. ते म्हणाले, कापून टाकू. मी पिवळीचं तोंड धरून बसले. कापण्याआधी तुम्ही माझा हात धरून त्या गाठीवर नेलात आणि म्हणालात, "पाय, म्हशीची गाठ आन हे येगळी. ध्यानात ठेवजो." वरून खडबडीत, आतून टणक, चिंचोक्यांनी भरलेल्या पुरचुंडीसारखी. हलत नव्हती. आणि थंड होती. एवढ्या उन्हात अंगाला थंड लागली हे मला फार विचित्र वाटलं होतं. मी विचारलं, गाईम्हशींना अशी होत नाही का. तुम्ही डोकं खाजवलंत. "एवढ्या वर्षात तं एकबी नाई पाह्यली. कुत्र्यायलेच होते थे." दोन-अडीच महिन्यांनी पिवळीला धाप लागू लागली आणि एका सकाळी ती खोड्याखाली मेलेली सापडली.

पुढच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, मायने मला न्हाणीत बोलावलं. मी नववीत. ती पाठमोरी उभी होती. म्हणाली, "हे पाय वं, काय झालं थे. येथं टोचून राह्यलं." मी हात चोळले, सवयीने, आणि बघितलं. मग तिने पदर घेतला आणि मला बजावलं की बाबांना सांग, पण त्यांना म्हणावं दाखवणार नाही. त्यांना काय लाज, मी म्हटलं, ते रोज शंभर कासा बघतात. "म्हनूनच," ती म्हणाली. गावात माणसांचे सरकारी डॉक्टर होते, पण पुरुष. त्यांना तर ती मेली तरी दाखवणार नव्हती. आज मला यातली कुठलीच गोष्ट नवलाची वाटत नाही. दोन खोल्यांच्या घरात, दाराला नुसता पडदा, तुम्ही दोघं एकमेकांना "अवो" आणि "ऐकलं का" म्हणत जगलेली माणसं. ज्या हातांना हजार म्हशी भीत नव्हत्या ते हात तिच्या बाबतीत तिच्यापेक्षा जास्त लाजत होते.

म्हणून सगळं माझ्यामार्फत झालं. संध्याकाळी मी पाणी तापवायची, मीठ टाकायची, जुन्या धोतराच्या फडक्याने शेक द्यायची. तुम्ही पडद्याबाहेर, औषधाच्या खोलीच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. तिथून विचारायचे आणि मी आतून उत्तर द्यायची, खोड्यापाशी द्यायची तशीच. दोन-तीन प्रश्नांत तुम्ही ठरवलं: "दगडीच हाय. दूध आटल्यावरबी कवा कवा होते बायायले. घाबरू नोको म्हन तिले." हळद-चुन्याची वाटी पडद्याच्या फटीतून आत यायची. माय त्यावर हसायची. "पाय बाप्पा, आता मी म्हैस झाली. उद्या तुहा बाप मले खोड्यात उभी करन." तुम्ही बाहेरून खोटं रागवायचे, ती आणखी हसायची, आणि शेक देता देता मलाही हसू यायचं. बाबा, खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला आवडायच्या. घरातली एक महत्त्वाची गोष्ट माझ्या हातात होती. वेचणी संपेपर्यंत असं चाललं, तीन महिने.

मग मामाच्या मुलीच्या लग्नाला आपण बेल्लमपल्लीला गेलो. मामा कोळशाच्या खाणीत, क्वार्टरच्या रांगेत शेवटचं घर. मामीने मायला अंघोळीच्या वेळी पाहिलं आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंगाची हळदही न धुता, तिला एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली. मी बरोबर होते. त्या बाईंनी एक मिनिटसुद्धा लावलं नाही. बोटं टेकवली, काखेत बघितलं आणि हिंदीत विचारलं, "कब से है?" मायने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तीन महिने. बाई मामीशी तेलुगूत बोलू लागल्या, त्यातला गड्ड हा एकच शब्द मायला कळला, गाठ. तुम्ही बाहेर बाकावर बसला होता, मांडीवर मायच्या चपला घेऊन, कारण तिथे चपला चोरीला जातात असं कुणीतरी सांगितलं होतं.

हैदराबादचं ऑपरेशन, ती लांबलचक रांग, परतीच्या गाडीत तिने खिडकीशी बसायचा केलेला हट्ट, हे तुम्हाला सांगायला नको. दीड वर्ष मिळालं. त्या दीड वर्षात तुम्ही भाकरी थापायला शिकलात, आणि तिने तुमच्या भाकरीला जी नावं ठेवली ती आठवून मी अजून एकटीच हसते. "नकाशा हाय का भाकर हाय थे?" मग दुसऱ्या वर्षीच्या वेचणीत ती गेली. पांढरं वस्त्र मामाने आणलं. वंदना म्हणताना तुमचा आवाज कुठे अडखळला नाही, म्हणून मला तुमचा राग आला. बाकी राग आधीचा होता. हैदराबादच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई सांगत होती की तिची गाठ दोन आठवड्यांत दाखवली, म्हणून थोडक्यात निभावलं. मी ते ऐकून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी सगळे पाहुणे गेले. तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसला होता, तव्यावर भाकरी. मी चौकटीत उभी. मी म्हणाले, "माय काय म्हैस होती काय बाबा, तुमी तिले दगडीचा इलाज केला थे?" तिचाच विनोद होता तो. मी त्याला धार लावून तुमच्या अंगावर टाकला. तुम्ही भाकरी उलटली. मग एकदा माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही, आणि म्हणालात, "करपली वाट्टे. दुसरी टाकतो, ताट घे." मी ताट घेतलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला खोड्यापाशी बोलावलं नाहीत, आणि मी आपण होऊन गेले नाही. लवंग मात्र माझ्या दप्तराच्या कप्प्यात सापडायची, कधीतरी, परीक्षेच्या दिवशी.

पशुवैद्यकाला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही बस, मग गाडी, मग पुन्हा बस करून माझी पत्र्याची ट्रंक होस्टेलपर्यंत खांद्यावर आणलीत. गेटच्या आत पुरुषांना मनाई होती. तिथं उभ्या उभ्या तुम्ही मला तुमचा थर्मामीटर दिलात, पितळी नळीतला, जनावरांचा, आणि म्हणालात, "एक सांगतो. आपला हात लावल्याबिगर इलाज करजो नोको. दुसऱ्याच्या बोटावर इलाज करनं म्हंजे पाप हाय. म्या केला." मला वाटलं होतं तुम्ही मंगळवारच्या डॉक्टरांबद्दल बोलता आहात, जे तुमच्या सांगण्यावर आसिफाबादहून औषध लिहून पाठवत. इतकी मी अडाणी होते, किंवा मला तसंच समजून घ्यायचं होतं. मी मान हलवली. तुम्ही ट्रंकेची दोरी गुंडाळून खिशात घातलीत आणि बसच्या दिशेने गेलात.

पुढे मी या संस्थेत आले. इथे स्तनाच्या कर्करोगावर काम चालतं आणि मी इथली जनावरांची डॉक्टर, म्हणजे बहुतेक उंदरांची. तुम्ही एकदाच बघायला आलात, जाण्याच्या दोन वर्षं आधी. पायात प्लास्टिकच्या पिशव्या, अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, आणि तुम्ही त्या पिंजऱ्यांच्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहिलात, कुणाच्या घरी पाहुणे गेल्यासारखे. आमच्या काही उंदरांच्या अंगावर केसच नसतात. ते बघून तुम्ही हळू आवाजात विचारलंत की यांना कपडे कोण घालतं. मग मी समजावून सांगितलं. या सगळ्या माद्या, दोन महिन्यांच्या, एकाच वाणाच्या. बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवून यांच्या कुशीच्या कातडीखाली टोचतो. दोन-तीन आठवड्यांत गाठ येते. मग औषध देतो आणि गाठ रोज मोजतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. खिशात लवंग शोधलीत, झग्याला खिसा नव्हता.

"हिनं पिल्लं देल्ले काय?" तुम्ही विचारलंत.

"नाही बाबा, सगळ्या कोवळ्या. तशाच लागतात."

"आन गाठ कुटं टोचता? कुशीत? थानात नाई?"

"कुशीत सोपं पडतं. मोजायला बरं."

तुम्ही वाकून त्या काचेसारख्या पिंजऱ्यात बघितलंत. मग म्हणालात, "जिनं कवा दूध पाजलं नाई, म्हातारपन पाह्यलं नाई, गाठबी जिची सोताची नाई, थे कोन्या बाईसारखी हाय म्हनाव? तुही माय तं अशी नोती." मी हसले. बरोबरच्या लोकांना मी इंग्रजीत सांगितलं की माझे वडील गावाकडचे कंपाउंडर आहेत, आणि तेही हसले, वाईट मनाने नाही. तुम्हीही हसलात. बसस्टँडवर तुम्ही मला म्हणालात की उंदीर स्वच्छ ठेवले आहेस, छान. तो तुमचा शेरा मी फार दिवस मिरवला, दुसरा विसरून.

विसरले असं म्हणते, पण तो कुठेतरी रुतून होता. वर्षामागून वर्षं आम्ही बघत होतो की जे औषध उंदरात गाठ वितळवतं ते बायकांमध्ये पुष्कळदा काहीच करत नाही. सगळीकडेच असं होत होतं, आमच्याच घरची गोष्ट नव्हे. उंदीर आम्हाला गोड उत्तर द्यायचे. दोष त्यांचा कसला, आम्ही विचारतच तसं होतो. एका बैठकीत आमच्या प्रमुख बाई वैतागून म्हणाल्या की या उंदरांत नेमकं कमी काय आहे, कुणीतरी मला सांगा. आणि मी, जी बैठकीत फक्त पिंजरे किती आणि खाद्य किती एवढंच सांगायची, म्हणाले, मॅडम, यांनी कधी पिल्लं पाजलेली नाहीत. यांना म्हातारपण माहीत नाही. गाठ थानात नाही, आणि त्यांची स्वतःची नाही. हे माझं नाही, वांकिडीच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांचं म्हणणं आहे. या वेळी कुणी हसलं नाही.

तेव्हापासून हेच काम चाललं आहे. दोन-तीन वेळा व्यालेल्या माद्या आम्ही म्हाताऱ्या होऊ देतो. फार चिकाटीचं काम आहे, बाबा. अर्ध्या तर वयानेच मरतात आणि वरचे लोक विचारतात, एवढा वेळ का. गाठ आता थानातच रुजवतो, ऑपरेशनमध्ये निघालेला बाईच्या गाठीचा ताजा तुकडा घेऊन. आणि दुसरीकडे, घरोघरच्या कुत्र्या, ज्यांना गाठ आपोआप होते, म्हातारपणी, माणसांच्या घरात, माणसांचं उष्टं खाऊन. मालकाच्या परवानगीने त्यांचं ऑपरेशन करायचं, उपचार करायचे आणि गाठीचा तुकडा शिकण्यासाठी ठेवायचा. परवाची ती शिक्षिकेची कुत्री तशीच. जे औषध कोवळ्या उंदरांत धडधड चालायचं ते या म्हाताऱ्या आयांमध्ये निम्मंही चालेना. सगळ्यांची तोंडं उतरली. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं, इतकं की मी घरी जाताना मिठाई घेतली. निदान आता जनावर खरं बोलत होतं.

तुमच्याकडे कुठलं जनावर होतं, तर म्हैस. रोज, शेकडो. गाईम्हशींना तो रोग जवळजवळ होतच नाही, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तुमच्या "एकबी नाई पाह्यली" ला पुस्तकाचा दाखला मिळाला. हाताशी जे असतं त्यावरूनच माणूस दुसऱ्याचं दुखणं समजून घेतो. तुम्ही म्हशीवरून मायला समजून घेतलंत, आम्ही एवढी शिकलेली माणसं कोवळ्या उंदरांवरून जगातल्या बायकांना समजून घेत बसलो होतो. मग तुम्हाला बोलायचा मला काय अधिकार. इथवर पत्र आलं की मी ते वाक्य परत घेऊन मोकळी व्हायची, असं ठरवून बसले होते. तुम्हाला माफ केलं, असंही एक वाक्य मनात तयार होतं, आणि ते मला फार शोभून दिसलं असतं.

पण परवा त्या कुत्रीच्या गाठीला हात लागला आणि ते वाक्य माझ्याने लिहवेना. त्या शिक्षिकेला मी विचारलं होतं, गाठ कधी लक्षात आली, तेव्हा गरम होती का. ती म्हणाली, "अम्मा, मी अंघोळ घालतानाच बघते, गरम पाण्याने. गरमच लागणार ना." अगदी सहज म्हणाली.

तुम्ही पायरीवर पाठ करून बसला आहात. आत मी शेक देऊन फडकं नुकतंच बाजूला ठेवलं आहे, मायची कातडी लाल झाली आहे. तुम्ही विचारता, "गरम हाय का थंडी?" मी हात लावते आणि सांगते, "गरम हाय बाबा." तुम्ही विचारता, "हालते का?" मी सांगते, "हालते." तुम्ही सुटल्यासारखा श्वास सोडता, मला बाहेरून ऐकू येतो. "दगडीच हाय." रात्री माझ्या उशीपाशी लवंग.

ती हलत नव्हती. आणि न्हाणीत मायने पहिल्यांदा दाखवली, शेक वगैरे काही सुरू व्हायच्या आधी, तेव्हा मी हात लावला होता आणि माझ्या बोटांना त्याच क्षणी पिवळी आठवली होती. चिंचोक्यांची पुरचुंडी. मला कळलं होतं, बाबा. दगडीचं बरोबर उत्तर काय ते मला तुम्हीच शिकवलं होतं, आणि पिवळीचं काय झालं ते मी बघितलं होतं. म्हणून मी ज्या उत्तराने माय बरी होते ते उत्तर दिलं, तीन महिने, रोज संध्याकाळी. बेल्लमपल्लीच्या त्या डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं असेल की अशी गाठ हलत नसते आणि गरम नसते. त्या दिवशीच तुम्हाला समजलं असणार की मी खोटं सांगत होते. चुलीपाशी मी ते वाक्य बोलले तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार होतं. "तूच तं सांगतलं," एवढं म्हटलं असतं तर मी आयुष्यात पुन्हा उभी राहिले नसते. तुम्ही भाकरी उलटलीत. आणि दोन वर्षांनी होस्टेलच्या गेटपाशी पापसुद्धा आपल्याच नावावर घेतलंत.

हे कागद मी तुमच्या थर्मामीटरच्या पितळी नळीभोवती गुंडाळून कपाटात ठेवणार आहे. कुणाला वाचून दाखवणार नाही, मामाच्या मुलीलासुद्धा नाही, जी मला अजून विचारते की आत्याला एवढा उशीर कसा झाला. तुम्ही असता तर मी हे बोलले असते का, मला खात्री नाही. मी समोर आले असते, तुम्ही खिशातून लवंग काढली असती, आणि मी पुन्हा बरोबर उत्तर देऊन ती घेतली असती.

गाठ थंडच होती, बाबा.